रुंद गेटाचं कुलूप

माझ्या पँटच्या खिशात नेहमी एक काचेची गोटी असते. कपडे धुवायला टाकताना बायको ती काढून ओट्यावर ठेवते आणि म्हणते, "पन्नाशी उलटली तरी गोट्या सुटल्या नाहीत तुमच्या." पण गोटी कामाची आहे. सार्वजनिक बागांमध्ये अपंग माणसांना ये-जा करता यावी म्हणून जी बांधकामं होतात, ती करून घेणारा मी सुपरवायझर. रॅम्प तयार झाला की त्यावर मी गोटी सोडतो. सरळ खाली आली तर ठीक. बाजूला पळाली तर चाकाची खुर्चीही तशीच बाजूला पळणार, हे समजायचं आणि मिस्त्रीला परत बोलवायचं.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. पायरीच्या जागी उतार केला, झालं. पण एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार लागतो. जागा आणि सिमेंट वाचवायला लोक चार फुटांत उरकतात. तो रॅम्प नसतो, घसरगुंडी असते. कठडा दोन उंचींवर लागतो, एक उभ्या माणसासाठी आणि एक बसलेल्यासाठी. अंधांना पायाखाली कळाव्यात अशा पिवळ्या फरश्यांवरच्या लांब रेघा म्हणजे 'चालत राहा' आणि ठिपके म्हणजे 'थांब'. पाहणाऱ्याला ठिपके जास्त सुंदर दिसतात, म्हणून एका ठिकाणी सगळी वाट ठिपक्यांची केलेली मी पाहिली आहे. तिच्यावरून जाणाऱ्या आंधळ्या माणसाने पावलापावलाला थांबायचं.

या धंद्याने मला संशयी केलं, असं मी आजवर म्हणत आलो. ठेकेदार सिमेंट खातो असा मालकाला संशय, मिस्त्री वाळू विकतो असा ठेकेदाराला संशय, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं त्यांना आम्हा सगळ्यांचाच संशय. पण धंद्याला दोष देऊन मी सुटत नाही. रोह्याच्या एका बागेत मी नुसत्या संशयावरून एका माणसाचं काम घालवलं. त्याने काहीही केलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला स्वतःला सावरून घेता येणार नाही.

त्याआधी पेणचा एक किस्सा सांगतो. माझा संशय कसा चालतो ते त्यातून कळेल, आणि त्यात निदान हसण्यासारखं काही आहे.

मी राहतो पेणला, रामवाडीत. आमच्या गावात गणपतीचे कारखाने. मूर्ती गावोगावी रवाना झाल्या की तिथले काही कारागीर प्लास्टरच्या कामाला येतात. बाळाराम त्यांतला एक. एका बागेचा रॅम्प मी त्याला दिला होता. रॅम्पचा पृष्ठभाग खरखरीत हवा. सिमेंट ओलं असताना त्यावर खराटा ओढायचा, म्हणजे चाक आणि काठी घसरत नाही. बाळारामने माझ्यासमोर खराटा ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रॅम्प आरशासारखा गुळगुळीत. वरून कोणीतरी सिमेंटची घोटाई केलेली.

माझं डोकं लगेच फिरलं. माझ्या मागावर असलेला दुसरा ठेकेदार डोळ्यांसमोर आला. बाळारामला त्याने फितवलं असणार. मी माळ्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं, बाळारामच्या मेव्हण्याला गाठून त्याच्याकडे अलीकडे नवीन काय वस्तू आली तेही विचारलं. शेवटी बाळारामलाच धरलं.

"खरं सांग, कोणी सांगितलं तुला?"

"कोणी कशाला सांगंल?" तो म्हणाला. "घरी गेलो, जेवलो, पन तो खरखरीत उतार डोल्यापुढून जाईना. आयुष्यभर सोंडेवरून हात फिरवला मी. पेणच्या मानसानं असं अर्धवट सोडलं तर लोक काय म्हनतील? म्हनून उजाडता उजाडता येऊन घोटून टाकला."

"अरे, माणूस पडेल त्याच्यावर!"

"पडंल," तो विचार करून म्हणाला, "पन काम बघून पडंल."

तो पुन्हा खरखरीत व्हावा म्हणून त्या रॅम्पवर छिन्नीने टाचे मारून घेतले. बाळाराम तेवढा वेळ पाठ करून बसला होता. त्याच्या मेव्हण्याला मात्र मी काय विचारलं होतं ते गावभर झालं. बाळाराम पुढे माझ्या कामावर आला, पण माझ्या घरी गणपतीला यायचा तो यायचा थांबला. तेव्हाच मी धडा घ्यायला हवा होता.

त्याच बागेत आम्ही अपंगांसाठी एक स्वच्छतागृह बांधलं होतं. सहा महिन्यांनी गेलो तर त्याला कुलूप. चावी शोधून उघडलं तर आत माळ्याची फावडी आणि कुणाच्या तरी प्लास्टरच्या गोणी. मी रागावलो तर माळी म्हणाला, "उघडं ठेवलं तर लोक घाण करतात ओ. अपंग कोण आला तर देतो ना चावी." आपल्याकडे ही रीतच आहे. घरात चांगले कप पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात जातात आणि पाहुणे आले तरी साध्याच कपात चहा होतो. चांगली सोय झाली की तिला कुलूप बसतं. त्या दिवशी मी माळ्यावर हसलो होतो. पुढे रोह्याला तेच कुलूप माझ्या संमतीने लागलं.

रोह्याची ही बाग कुंडलिकेच्या काठावर आहे. सगळ्यांना खुली, पण देखभाल एका स्थानिक मंडळाकडे. गेटाशी लोखंडी पाइपांची नागमोडी वाट होती, गुरं आणि मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून. त्या वाटेने पुष्पाताई आत जाऊ शकत नव्हती.

पुष्पाताई बागेमागच्या गल्लीत आईबरोबर राहते. चाळिशीची आहे, ब्लाउज शिवते. लहानपणापासून पायांत बळ नाही. मशीन हाताने चालवते आणि बाहेर जाते ते हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकलवरून. बागेत यायचं तर कोणीतरी तिला उचलून आतल्या बाकावर ठेवायचं आणि सायकल बाहेर राहायची. मग पुन्हा कोणी उचलेपर्यंत ती तिथेच. ऊन आलं, शेजारी नको तो माणूस येऊन बसला, तरी तिथेच.

मी मापं घ्यायला गेलो तेव्हा ती रस्त्यावरून बघत होती. म्हणाली, "जे काय बांधाल ते फोटो काढून झाले की उचलून नेणार ना परत?"

"नाही हो ताई, पक्कं बांधकाम आहे. दिव्यांगांसाठी खास."

"नाव मोठं दिलंत, दार तेवढं लहान ठेवलंत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हे बघा दादा, मला फुलंबिलं नकोत. मला एकटीला आत जायचंय आणि एकटीला बाहेर यायचंय. मधे कुणी नको. होणार असेल तर बांधा."

मी बाजूला एक रुंद गेट केलं. पहिल्या दिवशी ती आत शिरली, नदीच्या कठड्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिची आई गेटाशी उभी राहून ओरडत होती, "बास गो आता, हात दुखतील!" ती ऐकत नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं बरं मला क्वचित वाटलं असेल.

पण तिची सायकल जिथून जाते तिथून मोटरसायकल आरामात जाते. हे कुठल्याही मापाने सुटत नाही. थोड्याच दिवसांत पोरं गाड्या घेऊन थेट नदीपर्यंत जायला लागली. फिरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना धक्का लागला, बोंबाबोंब झाली. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "गेटाला कुलूप घालू. चावी वॉचमनकडे. बाई आल्या की तो उघडेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पुष्पाताईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही.

वॉचमन म्हणजे किसन. माझ्याच वयाचा, नदीकाठच्या कातकरी वाडीतला. राखण, झाडलोट, झाडांना पाणी, सगळं तोच करायचा. चावी त्याने कमरेच्या दोऱ्याला बांधली. पुष्पाताई आली की सायकलची घंटा वाजवायची. किसन पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पाइपापाशी. त्याला ऐकू जायचं नाही. ती उन्हात थांबायची. येणारे-जाणारे लोक मग ओरडायचे, "ए किसन, बाई कधीची उभी आहे, झोपलास काय?" किसन ओल्या हातांनी धावत यायचा.

एकदा त्याने मला थांबवलं. "सायेब, ह्या कुलपाचं काय तरी करा. ताईला तरास, मना शिव्या."

"ते तुझं कामच आहे, किसन," मी म्हणालो. "कंटाळा करू नकोस."

त्यानंतर कुलूप बिघडलं. चावी आत शिरेना. कुलूप तोडावं लागलं. नवीन आणायला मंडळाने आपल्या चालीने वेळ घेतला, तोवर गेट उघडं राहिलं. नवीन आलं, काही दिवसांत तेही बिघडलं. मग तिसरं. तिसऱ्या वेळी कुलूपवाल्याने ते उघडून आतून काहीतरी चिमट्याने काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "सुईचा तुकडा हाय हा. कोनीतरी मुद्दाम घातलाय."

किसन पाचोळा भरायच्या गोणी शिवत असे. दाभण त्याच्या टोपीत खोचलेलं असायचं. मी म्हणालो, "दाभणाचं टोक असणार."

"दाभन येवढं बारीक नसतं ओ."

"घासलं असेल."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि चिमटा पिशवीत टाकला. मी हे आज लिहितो तेव्हा मला तो तळहात दिसतो. शिवणाच्या मशीनची सुई माझ्या हातात होती, आणि त्या गेटातून ये-जा करणारी बाई शिवणकाम करते हे मला ठाऊक होतं. तरी माझं डोकं तिकडे वळलं नाही. किसनला कुलपाचा कंटाळा होता, हे मी स्वतः ऐकलं होतं. शिवाय तो वाडीवरचा. हे दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलाही उघड सांगितलं नसतं, पण होतं तेच. कुलूप बिघडलं की वडापावची गाडी लावणाऱ्या दत्तूचाही फायदा होता, त्याची गिऱ्हाइकं गाड्या आत नेऊन नदीकाठी बसून खायची. दत्तूवर संशय घेतला असता तर त्याने मला चार माणसांत उभं सोललं असतं. किसन सोलणार नव्हता.

मी त्याला गेटाशीच गाठलं. संध्याकाळची वेळ, फिरायला आलेली मंडळी, दत्तूची गाडी, सगळे होते.

"किसन, खरं सांग. कुलूप कोण बिघडवतं?"

"मी नाय केला सायेब."

"मग कोणी केलं?"

तो गप्प राहिला. जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मना म्हायती नाय."

त्या गप्प बसण्यातच मला सगळा पुरावा मिळाला. मी बाकीच्यांकडे बघून म्हणालो, "बघा. उत्तर आहे का? काम टाळायचं म्हणून सुया घालतो हा." कोणीतरी म्हणालं, "ह्यांना काय ठेवायचं कामावर!" दत्तू म्हणाला, "मी पयलेच बोल्लो व्हतो." तो कधीही काही बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मंडळाला सांगितलं आणि मंडळाने किसनला काढलं. त्याने कमरेची चावी सोडून माझ्या हातात दिली आणि टोपीतलं दाभण पुन्हा नीट खोचून निघून गेला.

पुष्पाताई तेव्हा रोह्यात नव्हती. तिच्या बहिणीकडे कोलाडला लग्न होतं, घरभर ब्लाउज शिवायचे होते, म्हणून तिसरं कुलूप बिघडल्यावर लगेच ती आईला घेऊन तिकडे गेली होती. परत आली त्या दिवशी मी कठड्याच्या रंगकामासाठी बागेत होतो. नवीन वॉचमनने तिला थांबवून ठेवलं, मोबाइलवरचं बोलणं पुरं केलं आणि मग गेट उघडलं. ती सरळ माझ्याकडे आली.

"किसनदादा कुठं गेले?"

"काढलं त्याला." मला वाटलं तिला बरं वाटेल. "तोच कुलूप बिघडवत होता. आता नाही तुम्हाला त्रास व्हायचा."

तिने सायकल थांबवली.

"कुलूप मी बिघडवलं," ती म्हणाली.

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "त्याला वाचवायला म्हणताय."

"मशीनची मोडलेली सुई घालायची आणि वरून गोंद. कुलूप माझ्या हाताच्या उंचीला आहे, सायकल लावून बसलं की कुणाला दिसत पण नाय. तीनही येळा मीच केलं."

"पण का? तुमच्यासाठीच तर ते गेट—"

"चावी कुणाकडं होती?" ती म्हणाली. "आधी मला उचलायला माणूस लागायचा. मग कुलूप उघडायला माणूस लागायला लागला. काय बदललंत तुम्ही? कुलूप बिघडलं की चार दिवस गेट उघडं. ते चार दिवस माझे. मला वाटलं, वैतागून एक दिवस कुलूप लावायचंच सोडून देतील. माणसाला काढतील असं नाय वाटलं."

मी गेटावरच्या नव्या कुलपाकडे पाहिलं.

"एक विचारू, दादा? माझ्यावर एकदा पण संशय नाय आला?"

"नाही."

"का?"

उत्तर तिनेच दिलं. "म्हणजे मी त्यातली पण नाय. वाईट काम करायच्या लायकीची पण नाय."

मला आजवर लोकांनी पुष्कळ सुनावलं आहे. त्यातलं हे सगळ्यात खोल गेलं. किसनवर मी नको तितका संशय घेतला आणि हिच्यावर मुळीच नाही. दोन्हीकडे मी माणूस पाहिलाच नव्हता.

ती म्हणाली, "चला मंडळात. मी सांगते."

मंडळाचं ऑफिस एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद. मी तिथे कितीदा गेलो होतो, आणि बागा सगळ्यांसाठी कशा कराव्यात यावर त्याच खोलीत बोललो होतो. पुष्पाताई खाली थांबली. मी वर जाऊन सेक्रेटरींना म्हणालो, "खाली या, ताईंना बोलायचंय."

"वर या म्हणावं."

"त्या येऊ शकत नाहीत."

"हां हां," म्हणत ते अर्ध्या जिन्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. पुष्पाताईने मान वर करून सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुम्ही शिकवून आणलंय ना? ठेकेदाराचा कोणी माणूस आहे का तो किसन?"

"नाही हो, खरंच त्यांनीच—"

"ताई, तुम्ही भोळ्या आहात," ते तिला म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून असं अंगावर घेऊ नये."

पुष्पाताईचा चेहरा लाल झाला. "एक कुलूप आणा."

"काय?"

"कुलूप आणा हो एक. वर कपाटाला असेलच."

सेक्रेटरी जागचे हलले नाहीत. मीच वर गेलो आणि कपाटाचं कुलूप चावीसकट आणून तिच्या हातात दिलं. तिने पदराच्या टोकाला टोचलेली सुई काढली, कुलपाच्या भोकात सरकवली, अंगठ्याने कट्कन मोडली, आणि कुलूप व चावी सेक्रेटरींच्या दिशेने धरली. "लावा आता चावी."

ते उरलेला जिना उतरून खाली आले. चावी लावून पाहिली, दोनदा. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. "ताई, हे कुलूप सरकारी कागदांच्या कपाटाचं आहे," ते हताशपणे म्हणाले.

"मग आता कागद पण उन्हात उभे राहतील," ती म्हणाली.

दुकानदार हसला. सेक्रेटरीही शेवटी हसले, पण तिच्याकडे ते आता वेगळं बघत होते. सावधपणे बघत होते. तिला ते आवडलं असावं.

कुलूप गेलं. मी गेटाला खाली, तिच्या बसल्या हाताच्या उंचीला, एक जड कडी बसवली. ती सायकलवर बसल्या बसल्या ओढते. मोटरसायकलवाल्याला मात्र गाडी उभी करून, खाली उतरून वाकावं लागतं, गाडी आत घेऊन पुन्हा वाकून कडी लावावी लागते. आळस माणसाला पुष्कळ गोष्टींपासून अडवतो. अजूनही एखादा घुसतो, पण रोजची गर्दी थांबली. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. विचारलं असतं तर सुचलं असतं.

किसनला परत घ्यायला मंडळ तयार झालं. निरोप पाठवूनही तो आला नाही, म्हणून मी स्वतः गेलो. तो खांब गावाजवळ एका शेतकऱ्याच्या वालाच्या शेतात मजुरीला होता. शेंगा तोडत होता. मला बघून त्याने हात थांबवला नाही.

मी सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं का, ताई करते ते?"

"व्हय. बघितलं व्हतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं? गेट कायमचा बंद. सायकल बी आत येऊ दिली नसती." त्याने शेंगा टोपलीत टाकल्या. "आनि मी सांगितलं असतं तरी तुमाला पटलं नसतं. वाडीचा मानूस बिचाऱ्या पांगल्या बाईवर आळ घेतो, असं झालं असतं."

ते खरं होतं. तसंच झालं असतं.

"चल परत," मी म्हणालो. "मी ऑफिसात सांगितलंय की चूक माझी."

"हापिसात बोल्ला व्हता का तुमी मना?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गेटावर बोल्ला व्हता. समद्यांम्होरं."

म्हणून आम्ही त्याच दिवशी रोह्याला आलो. मी गाडीवर बस म्हणालो, तर तो म्हणाला, "मी यष्टीनं येतो." मी आधी पोहोचून गेटाशी थांबलो. किसन उतरला, येऊन जरा लांब उभा राहिला. संध्याकाळची फिरणारी मंडळी होती, दत्तूची गाडी होती, पुष्पाताई कठड्याशी होती. मी आवाज चढवून सांगितलं की मी याच्यावर खोटा आळ घेतला, याने काही केलं नव्हतं, आणि हे मी याच जागी बोललो होतो म्हणून याच जागी परत घेतो. वाक्य पुरं झालं की लगेच लोक मला समजून घ्यायला लागले. एक गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, चुकतो माणूस." दुसरे म्हणाले, "मोठ्या मनाचं काम केलंत." दत्तू म्हणाला, "मी तर पयलेपासनं बोलत व्हतो, किसन असा नाय." त्याने दोन चहा पुढे केले. एक मला, एक किसनला. किसनने स्वतःच्या चहाचे पैसे आधी त्याच्या गाडीवर ठेवले आणि मग कप उचलला.

पुष्पाताई सायकल घेऊन जवळ आली. "किसनदादा, माझ्यामुळं झालं हो."

"तुजं काय नाय गो," तो म्हणाला. "तू आपली येत-जात ऱ्हा." तिच्याशी बोलताना त्याचा आवाज मऊ होता. माझ्याशी नव्हता.

"मग उद्यापासून येतोस ना कामावर?" मी विचारलं.

त्याने चहा संपवला, कप दत्तूला परत दिला.

"सायेब, एक सांगा. उद्या परत हितं काय मोडलं, काय हरवलं, तर पयलं कुणाकडं बघाल?"

मी म्हणालो, "कुणाकडेच नाही." खरंच तसं म्हणालो. पण म्हणायच्या आधी मी थांबलो होतो. फार नाही, एक श्वासभर. त्या श्वासात माझे डोळे कुठे गेले होते ते मला कळलं, आणि किसनलाही कळलं.

"वाल काढायचा हाय अजून," तो म्हणाला, आणि यष्टी स्टँडकडे चालायला लागला.